उघड्या चावडीतील भेसळ

(अमरावती येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



भेसळ हा विषय वऱ्हाडाला नवा नाही. एके काळी लिव्हरपूलच्या बाजारात या प्रदेशाचा कापूस ‘ऊमरा’ या नावाने विकला जात असे. ऊमरा म्हणजे उमरावती, म्हणजेच अमरावती. शेकडो गावांतील हजारो शेतकऱ्यांच्या मालाला मिळून ते एकच नाव होते. ते कोणा एकाच्या मालकीचे नव्हते, पण त्याचा लाभ सर्वांना मिळत होता. अशा सामायिक नावाच्या वाट्याला एक संकट नेहमीच येते. गाठीत सरकी आणि पालापाचोळा कोंबणारा, रुईवर पाणी मारून वजन वाढविणारा माणूस आपला नफा रोख खिशात घालतो. नाव बद्दू झाल्याचा तोटा मात्र सबंध प्रदेशावर वाटला जातो. शिवाय भाव सरासरीने ठरू लागला की स्वच्छ माल आणणाऱ्यास त्याच्या स्वच्छतेचे काहीच मोल मिळत नाही आणि तोही हळूहळू हात सैल सोडू लागतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हे तत्त्व मांडले आणि २००१ साली नोबेल पारितोषिकाचा एक वाटा मिळविला. वऱ्हाडातील कापूस पिकविणारा ते त्याच्या फार आधीपासून अनुभवत होता.

आज त्याच जातीचा व्यवहार एका निराळ्या बाजारात चालू आहे. इंटरनेटवर लोकांनी एकत्र येऊन, विनामोबदला आपले श्रम घालून काही मोठे प्रकल्प उभारले आहेत. कोणीही यावे, वाचावे, लिहावे, दुरुस्त करावे, असा त्यांचा शिरस्ता आहे. या उघड्या दारातून जो नको असलेला मजकूर लोटला जातो, जाहिराती, खोटे दुवे, आत्मस्तुती, भाडोत्री लेखन, त्यास ‘स्पॅम’ म्हणतात. मुळात हे एका अमेरिकन डबाबंद मांसाचे नाव. एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमात उपाहारगृहातील प्रत्येक पदार्थात तेच ते मांस येते असा प्रसंग होता. त्यावरून हा शब्द नको त्या माऱ्याला चिकटला. वऱ्हाडी माणसाने त्यास सरळ काडीकचरा म्हणावे. गाठ सोडल्यावर जो निघतो, तोच.

या प्रश्नाकडे सामान्यतः तंत्राचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. चांगली गाळणी बसवा, काम भागेल, असे तंत्रज्ञ सांगतात. वस्तुतः हा मालकीचा आणि श्रमाचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच त्याचा विचार एका राजकीय अभ्यासवर्गात करणे गैरलागू नाही.

प्रथम ज्या प्रकल्पाशी मराठी माणसाचा सर्वांत निकटचा संबंध येतो, तो पाहू. ‘विकी’ ही लेखनपद्धती वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन आज्ञावलीकाराने १९९५ साली काढली. वाचणाऱ्यालाच पान दुरुस्त करण्याची मुभा द्यावयाची, एवढेच तिचे मर्म. तिच्या आधारे जानेवारी २००१ मध्ये इंग्रजीत विकिपीडिया हा ज्ञानकोश सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया. आज त्यात लाखाच्या आसपास लेख आहेत. या मंडळींनी शब्दही मोठे समर्पक योजले. चर्चेची जागा म्हणजे ‘चावडी’. नवख्याने हात साफ करावयाची जागा ‘धूळपाटी’. साफसफाईचे अधिकार असलेला सदस्य तो ‘प्रचालक’, आणि ठरलेली कामे न कंटाळता करणारी स्वयंचलित आज्ञावली म्हणजे ‘सांगकाम्या’. परिभाषा कशी घडवावी याचा धडा शासनाच्या भाषाविभागांनी येथे घेण्याजोगा आहे; पण तो विषय वेगळा.

या चावडीवर कचरा का येतो? कारण तो टाकण्यास खर्च येत नाही आणि काढण्यास येतो. भिंतीवर पत्रक चिकटविणाऱ्याला कागद, शाई, खळ आणि पोऱ्याची मजुरी तरी पडते. येथे एक कळ दाबली की काम झाले आणि हजार पानांवर तोच मजकूर टाकणारे यंत्रही फुकटात मिळते. हजारांतील एखादाच वाचक गळाला लागला तरी टाकणारा नफ्यातच असतो. साफ करणाऱ्याचा तास, त्याची झोप, त्याचा उत्साह यांची नोंद मात्र कोणाच्याच जमाखर्चात होत नाही. कारखान्याने आपले सांडपाणी नदीत सोडावे आणि शुद्धीकरणाचा खर्च खालच्या गावांनी सोसावा, तसाच हा हिशेब.

यात आणखी एक गोम होती. शोधयंत्र कोणते संकेतस्थळ वर दाखवावयाचे हे ठरविताना त्याकडे कोणत्या पानांनी दुवे दिले आहेत, याची मोजणी करते. विकिपीडियासारख्या प्रतिष्ठित पानावरील दुवा म्हणजे एक वजनदार मत. ते मत चोरण्याकरिता व्यापाऱ्यांनी लेखांच्या तळाशी ‘बाह्य दुवे’ या सदरात आपापली दुकाने थाटली. २००५ च्या जानेवारीत गूगल आदी कंपन्यांनी एक खूण प्रचारात आणली. ती लावलेला दुवा मतमोजणीत धरू नये, असा संकेत ठरला. जानेवारी २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने बाहेर जाणाऱ्या सर्व दुव्यांना ती खूण लावली. चोरीच्या मालाचा भावच पाडला, असे म्हणावयास हरकत नाही. उपाय अर्थशास्त्राच्या दृष्टीने अचूक होता. तरीही कचरा थांबला नाही. शोधयंत्राने मत मोजले नाही तरी वाचकाची नजर उरतेच, आणि नजरेचीही किंमत येते.

आता पुन्हा कापसाकडे वळणे आवश्यक आहे, कारण बंदोबस्ताचे तत्त्व तेथे स्पष्ट दिसते. मुंबई इलाख्यात कापसातील लबाडीविरुद्ध १८२९ साली विनियम झाला आणि तो अपुरा ठरला म्हणून १८६३ साली कायदा करण्यात आला. भर शिक्षेवर होता आणि शिक्षेने भेसळ थांबली नाही. वऱ्हाडात निराळा मार्ग चोखाळला गेला. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार उभा राहिला. देशातील तो पहिला मानला जातो. हे कारंजा पुढे दीर्घकाळ अकोला जिल्ह्यात होते आणि आज वाशीम जिल्ह्यात आहे. त्यामागून १८९७ साली वऱ्हाडाकरिता कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. बाजार बंद केला नाही, उघडाच ठेवला. पण अडत्या आणि मापारी यांना परवाना लागला, ठरल्याखेरीज कडता आणि वर्गणी कापण्यास मनाई झाली आणि देखरेखीस समिती बसली. पुढे १९२५ साली जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांसंबंधी केंद्रीय कायदा झाला. त्याने प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण आणि अनुक्रमांक घालणे बंधनकारक केले. गाठ मुंबईत फुटो की परदेशात, आत पाणी किंवा सरकी निघाली तर ती कोठे बांधली गेली हे सांगता येऊ लागले. रुमालाखाली बोटे दाबून सौदा करणाऱ्या बाजाराला ही मोठी क्रांती वाटली असली पाहिजे.

विकिपीडियाचा सारा बंदोबस्त या गाठीवरच्या खुणेवर उभा आहे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘इतिहास’ नावाची एक कळ असते. ती उघडली की कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेस, कोणत्या सदस्याने कोणता शब्द घातला वा काढला, हे ओळीने दिसते. नाव न नोंदविताही लिहिता येत असले तरी त्या लेखनाची खूण उरतेच. आणि घातलेला कचरा काढून पान पूर्वस्थितीस नेण्यास फारसे श्रम पडत नाहीत. भेसळ करण्याइतकेच ती उपसणेही स्वस्त करावयाचे, हे या रचनेतील खरे शहाणपण आहे. त्यावर गाळण्या आहेत, काळ्या यादीतील संकेतस्थळांचा पत्ता घातला की पान जतनच न करणारी व्यवस्था आहे, आणि ती यादी सर्व भाषांना मिळून सामायिक आहे. पण हे सारे दुय्यम. गाळणी संकेतस्थळाचा पत्ता ओळखते; एखाद्या तालुक्याच्या लेखात हळूच घुसविलेले ‘कार्यसम्राट’ हे विशेषण ओळखण्यास मराठी जाणणारा माणूसच लागतो.

येथे कोणी विचारील, मग दारच का लावू नये? नामवंत विद्वानांनी लिहावे, इतरांनी वाचावे. मराठीत या पद्धतीची परंपरा थोर आहे, हे मान्यच केले पाहिजे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी मर्यादित कंपनी काढून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले; त्या उद्योगाचा आरंभ नागपुरात झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. त्याहून मागे गेल्यास एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून पाठात पदरच्या ओव्या घालणाऱ्यांना बजावले होते. महानुभावांनी तर आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून ठेवले. ज्या रिद्धपुराशी त्या पंथाची नाळ जोडलेली आहे, ते याच अमरावती जिल्ह्यात आहे. लिपी कळल्याखेरीज पोथीत हात घालता येत नव्हता. पण त्याची किंमतही मोठी पडली. ते वाङ्मय शतकानुशतके बाकीच्या महाराष्ट्राला अपरिचित राहिले आणि विसाव्या शतकात संशोधकांना त्या लिपीची कुलपे उघडत बसावे लागले. मराठी गद्याचा आद्य ठेवा मराठी माणसासच बंद होता.

बंद दाराचा प्रयोग इंटरनेटवरही झालेला आहे. विकिपीडियाच्या चालकांनीच २००० साली ‘न्यूपीडिया’ काढला होता. तज्ज्ञ लेखक, सात पायऱ्यांची तपासणी, सर्व काही यथासांग होते. तीन वर्षांत जेमतेम पंचवीस लेख पूर्ण झाले आणि तो मिटला. उलट, सताड उघड्या दाराचा धोकाही खोटा नव्हे. २००५ साली जॉन सीगेन्थालर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात, केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता, असे धादांत असत्य कोणी घातले आणि ते चार महिने तसेच राहिले. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियाने निनावी माणसास नवा लेख सुरू करण्यास बंदी केली. दार लोटले, पण कडी घातली नाही. हा विवेक महत्त्वाचा आहे.

तिसरा मार्ग सुचविला जातो तो सरकारचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी लेखातील मजकुरावरून वाद उठला आणि महाराष्ट्र सायबर विभागाने काही संपादकांविरुद्ध गुन्हा नोंदविला. त्या मजकुराविषयी लोकांच्या मनात क्षोभ होता, हे खरे. पण ज्या पानाची दुरुस्ती चर्चापानावर आधार मांडून करता येते, त्यासाठी फौजदारी कारवाईचा पायंडा पडला तर लिहिणारे कमी होतील आणि जे कमी होतील ते प्रामाणिकच असतील. बनावट नावांची फौज बाळगणारा भाडोत्री त्यास भीत नाही.

भाडोत्री लेखनाचे प्रमाण काय असते, याची कल्पना दोन घटनांवरून येईल. २०१३ साली पैसे घेऊन लेख लिहून देणाऱ्या एका अमेरिकन कंपनीशी संबंधित अडीचशेहून अधिक खाती बंद करण्यात आली. जून २०१४ पासून विकिमीडिया फाउंडेशनने आपल्या अटींतच घातले की मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तो कोणाकडून मिळतो हे जाहीर केले पाहिजे. तरी २०१५ च्या ऑगस्टअखेर ३८१ खात्यांची एक टोळी उघडकीस आली. तिची रीत पाहण्यासारखी आहे. छोट्या व्यावसायिकाचा लेख विकिपीडियावर नाकारला गेला की टोळीतील माणूस त्याच्याकडे जाऊन पैसे घेई व लेख लावून देई. मग तो लेख ‘सुरक्षित’ ठेवण्यासाठी दरमहा रक्कम मागे. नुसती जाहिरात नव्हे, सरळ खंडणी. आणि ती वसूल होत होती, कारण फुकट राबणाऱ्या हजारोंच्या श्रमाने त्या पानाला पत आली होती. सामुदायिक श्रमातून निर्माण झालेल्या मूल्याचे खासगी अपहरण म्हणतात ते हेच.

राखणदाराचीही राखण करावी लागते. फेब्रुवारी २०१५ मध्येच इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीने, एका भारतीय खासगी व्यवस्थापन संस्थेविषयीच्या लेखात पक्षपाती फेरफार केल्याबद्दल टोपणनावाने वावरणाऱ्या एका प्रचालकास हद्दपार केले. हे वर्षानुवर्षे चालले होते. महाविद्यालय निवडताना मुलगा आणि त्याचा बाप आज आधी काय पाहतात, हे अकोला-अमरावतीच्या कार्यकर्त्यास सांगावयास नको. शेत गहाण टाकून भरलेली फी अशा रंगविलेल्या पानावर विसंबून भरली जात असेल, तर हा काही निरुपद्रवी कचरा नव्हे. १८९७ च्या कायद्याखालील बाजार समित्यांवर व्यापाऱ्यांचा वरचष्मा होता आणि पिकविणाऱ्यास तेथे स्थान नव्हते. नियम असून भागत नाही, देखरेखीस कोण बसतो हे पाहावे लागते, हा तेथला धडा येथेही लागू पडतो.

पण सारेच कचरा टाकणारे व्यापारी नसतात, आणि या दुसऱ्या वर्गाविषयी जरा थांबून बोलले पाहिजे. आज्ञावली लिहिण्याचेही असेच खुले प्रकल्प आहेत. कोणीही सुधारणा सुचवावी, चालकांनी ती तपासून घ्यावी. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये एका अमेरिकन कंपनीने अशा चार सुधारणा सुचविणाऱ्यास टी-शर्ट देऊ केला. स्वल्पविराम बदलणाऱ्या आणि ‘छान प्रकल्प’ अशी दोन अक्षरे जोडणाऱ्या सूचनांचा असा लोंढा आला की काही दिवसांतच नियम बदलून, ज्या प्रकल्पांची संमती आहे तेवढेच त्यात घ्यावे लागले. २०२४ च्या सुरुवातीस ‘एक्सप्रेस’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पावर भारतीय विद्यार्थ्यांच्या सूचनांचा असाच पूर लोटला. एका लोकप्रिय शिकवणीच्या चित्रफितीत उदाहरणादाखल तो प्रकल्प दाखविला होता. मुलांनी तसेच्या तसे करून आपापले नाव जोडून पाठविले.

यावर परदेशी आणि देशीही मंडळींनी भारतीय विद्यार्थ्यांची यथेच्छ टिंगल केली. तीत सहभागी होणे सोपे आहे. पण ही मुले कोण, याचा विचार व्हावा. गावोगाव निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात. त्यांना नोकरी नाही. नोकरी देणारा विचारतो, ‘तुझे काम कोठे दिसते?’ दिसेल असे काम करण्याची संधी ज्याला कधी मिळाली नाही, तो आपले नाव तरी दिसावे अशी धडपड करतो. कर्ज काढून शिकलेल्या पोराची ती केविलवाणी सही असते. तिने चालकांचा वेळ वाया गेला, हे नाकारता येत नाही. परंतु खंडणी गोळा करणारा आणि हा मुलगा यांना एकाच दावणीला बांधणे अन्यायाचे आहे.

वऱ्हाडात गावच्या सामायिक जमिनीला ई-क्लास म्हणतात. तिच्यावरील अतिक्रमणाचा प्रश्न या सभागृहातील अनेकांनी हाताळला असेल. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने दलित व आदिवासी भूमिहीनांनी १९७८ ते १९९० या काळात कसावयास घेतलेली गायराने नियमित करण्याचे धोरण ठरले. पोटासाठी दोन एकर नांगरणारा आणि रस्त्याकडेची मोक्याची जागा बळकावणारा, यांत फरक करावा लागतो, हे त्यामागचे तत्त्व. तोच विवेक येथे हवा. विकिपीडियाच्या रीतीत तो काही अंशी आहे. प्रथम कचरा टाकणाऱ्यास चर्चापानावर सौम्य शब्दांत सांगावयाचे, धूळपाटीकडे वळवावयाचे, पुन्हा केल्यास ताकीद द्यावयाची, त्यानंतर काही तासांची किंवा दिवसांची बंदी, आणि निव्वळ व्यापारी हेतू दिसला तरच कायमची. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जगभरची सामायिक कुरणे, पाट आणि मासेमारीची पाणथळे तपासून दाखविले की जेथे वापरणारेच राखण करतात आणि शिक्षा पायरीपायरीने वाढते, तेथे सामायिक संपत्ती टिकते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामायिक कुरणाचा नाश अटळ असल्याचे जे भाकीत केले होते, त्यास हे उत्तर होते. ऑस्ट्रॉम यांना २००९ साली नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे पडताळून पाहावयाचे असेल त्याने परतवाड्याजवळच्या पायविहीरला जावे. त्या गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि उजाड टेकडी राखून गावाने ती हिरवी केली, सीताफळे विकली. जंगल कुंपणाने राखले नाही, पाळीपाळीने गस्त घालणाऱ्या माणसांनी राखले.

माणसे हीच येथली खरी टंचाई आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. मराठी विकिपीडियाचे प्रचालक बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि ‘अलीकडील बदल’ हे पान रोज उघडून नजर फिरविणारेही मूठभरच. यातून काय घडू शकते याची दोन उदाहरणे समोर आहेत. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियात ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने वर्षानुवर्षे हजारो लेख बनावट स्कॉट्समध्ये लिहिले आणि हे २०२० साली उघड झाले. वाईट हेतू नव्हता, फक्त पाहणारे कोणी नव्हते. ग्रीनलंडिक विकिपीडियात यंत्राने केलेली अर्थशून्य भाषांतरे इतकी साचली की राखणाऱ्यानेच मागणी केली आणि २०२५ साली तो बंद करण्याचा निर्णय झाला.

यंत्रलिखित मजकुराने हिशेबच बदलून टाकला आहे. पूर्वी कचरा ओळखता येई, कारण तो गचाळ असे. आता तो व्याकरणशुद्ध, गुळगुळीत आणि आत्मविश्वासपूर्ण असतो. वाचून पाहावा तेव्हा कळते की दिलेला संदर्भग्रंथ अस्तित्वातच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने उघडउघड यंत्राने लिहिलेले व न तपासलेले लेख चर्चेविना त्वरित वगळण्याचा नियम केला. ‘कर्ल’ या प्रकल्पाने अशाच यंत्रलिखित खोट्या तक्रारींना विटून, दोष दाखविणाऱ्यास बक्षीस देण्याची आपली योजना जानेवारी २०२६ अखेर बंद केली. लिहिण्याची किंमत शून्यावर आली, तपासण्याची किंमत होती तेथेच राहिली. मराठीत तपासणारा एकटाच बसला आहे.

हे काम कोणाला मानाचे वाटत नाही, ही अडचण आहे. लेख लिहिणाऱ्याचे नाव होते. केर काढणाऱ्याचे होत नाही. ज्या शेंडगावात गाडगेबाबा जन्मले ते याच जिल्ह्यात आहे. कीर्तनापूर्वी ते गाव झाडीत आणि सफाईस हलके काम समजणाऱ्या समाजाला त्यातून काय सांगत, हे येथे उलगडून सांगण्याची गरज नाही. त्यांचे नाव अमरावतीच्या विद्यापीठाला दिलेले आहे. त्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून मराठी भाषा पंधरवड्यात विकिपीडियाच्या कार्यशाळा भरविता येतील. पण कार्यशाळेचे यश किती नवे लेख टाकले या आकड्यावर मोजले जाऊ नये, कारण आकडा मागितला की फोलपटे येतात, हे टी-शर्टच्या प्रकरणात दिसलेच. किती जुनी पाने तपासली, किती निराधार वाक्ये वगळली, किती खोटे दुवे काढले, हे मोजावे. विद्यार्थ्याला नावासाठी प्रमाणपत्र हवेच असेल, तर ते या कामाचे द्यावे. इतिहासाच्या कळीमागे त्याचे काम तारीखवार दिसते. नोकरी देणाऱ्याला ते दाखविता येईल.

आता कार्यकर्त्यांविषयी, कारण कचऱ्याचा एक ढीग त्यांच्याच अंगणातून येतो. निवडणूक जवळ आली की पुढाऱ्यांच्या लेखांत ‘लोकनेते’, ‘विकासपुरुष’, ‘तरुणांचे आशास्थान’ उगवू लागतात. प्रतिस्पर्ध्याच्या पानावरील जुने खटले ठळक होतात आणि स्वतःच्या नेत्याचे वाहून जातात. भावी उमेदवाराचा लेख तर उमेदवारीआधीच तयार होतो. उत्साही तरुण हे पक्षनिष्ठा म्हणून करतो. बाजाराच्या भाषेत ती ओल्या कापसाची गाठ आहे, आणि ज्या पक्षाला सामायिक मालमत्तेविषयी बोलावयाचे आहे त्याच्या कार्यकर्त्याने तर ती बांधूच नये. अचलपूर, दर्यापूर, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांची आणि त्यांतील गावांची पाने ज्याची त्याने लक्षात ठेवावयाच्या यादीत घालावी. आठवड्यातून एकदा त्यांचा इतिहास उघडून पाहावा. शिकवणी वर्गाचा दूरध्वनी क्रमांक, दुकानाचा पत्ता, आधार नसलेले विशेषण दिसले तर काढावे, मग ते विशेषण कोणत्याही पक्षाच्या माणसाला लावलेले असो. आपल्याच पुढाऱ्याच्या लेखात खरोखरीची चूक असेल तर लेखाला हात न लावता चर्चापानावर जावे, आपण त्या पक्षाचे कार्यकर्ते आहोत हे पहिल्याच ओळीत सांगावे, वर्तमानपत्राची तारीख व पान द्यावे आणि दुरुस्ती दुसऱ्या कोणी करण्याची वाट पाहावी. वाट पुष्कळ दिवस पाहावी लागेल. तेवढ्या काळात शेजारच्या तालुक्याची पाने तपासून होतात.